झेंडीवाला

या दिवाळीत बऱ्याच वर्षांनी नेरला सलग पाच दिवस राहायला मिळालं. नेर म्हटलं की पुण्यातली मंडळी हटकून विचारतात, "म्हणजे ते धुळ्याजवळचं का?" नाही हो! हे यवतमाळ जिल्ह्यातलं, यवतमाळहून अमरावतीला जाताना लागतं ते. जुनी माणसं अजून नेर-परसोपंत म्हणतात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मामा आले होते. दुपारची जेवणं झालेली, सगळे आडवे झालेले, आणि मी ओसरीवर मोबाईलवर फॉर्म्युला वनची एक जुनी रेस बघत बसलेलो. (हे माझं जुनं व्यसन. घरच्यांना माहीत आहे आणि त्यांनी आता आशा सोडली आहे.)

मामा शेजारी येऊन टेकले. थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले,

"काय पाहून राह्यला बापू?"

"रेस आहे मामा. गाड्यांची."

"अन् हा मानूस कायले मधातून पयते?"

रेस होती बहारीनची, २०२० सालची. शेवटच्या काही फेऱ्या उरलेल्या असताना सर्जिओ पेरेझच्या गाडीचं इंजिन गेलं आणि मागून ज्वाळा निघायला लागल्या. त्याने गाडी कडेला घेतली. तेवढ्यात पलीकडच्या बाजूने एक माणूस हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन चक्क ट्रॅक ओलांडून पळत सुटला. रेस चालू होती. लँडो नॉरिसची गाडी येत होती आणि तिच्या समोरून हा पळाला. काही झालं नाही. माणूस पलीकडे पोचला, आग विझली.

मी मामांना म्हटलं, "तिकडे गाडी पेटली ना, ती विझवायला चाललाय तो."

मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अन् याले मांगं वढाले कोनी नव्हतं?"

मंडळी, मी वीस-पंचवीस वर्षं ह्या रेस बघतोय. त्यावर पुष्कळ वाचलंय, मित्रांशी तासन्‌तास वाद घातलेत. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि तो मामांनाच का पडला, हे आमच्या घरातल्या सगळ्यांना कळेल. बाकीच्यांसाठी पुढे सांगतो. त्याआधी थोडा इतिहास, कारण तो सांगितल्याशिवाय मामांच्या प्रश्नाचं वजन कळायचं नाही.

रेसच्या ट्रॅकच्या कडेला ठरावीक अंतरावर नारिंगी कपड्यातली जी माणसं उभी असतात त्यांना मार्शल म्हणतात. टीव्हीवर ती क्षणभर दिसतात आणि जातात. त्यांची कामं म्हणजे झेंडे दाखवणं, आग विझवणं, अडकलेल्या ड्रायव्हरपाशी पहिलं पोचणं, मोडलेली गाडी बाजूला ढकलणं, ट्रॅकवर सांडलेलं तेल आणि गाड्यांचे तुकडे झाडून काढणं. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक करू नका. दोन पिवळे एकदम हलले तर फार हळू या, थांबायची तयारी ठेवा. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्या. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे पुढे ट्रॅक निसरडा आहे. ड्रायव्हर ताशी तीनशेच्या वेगात असतो, वळणापलीकडचं त्याला दिसत नाही. त्याला जे दिसतं ते या माणसाच्या डोळ्यांनी.

आणि गंमत म्हणजे (गंमत तरी कशी म्हणावी?) जगभरात यातले बहुतेक लोक हौशी असतात. कुणी शाळेत शिकवतो, कुणी गॅरेजमध्ये काम करतो, कुणी बँकेत आहे. शनिवार-रविवारी पदरची सुट्टी घालवून उन्हापावसात उभे राहतात. ज्या खेळात ड्रायव्हर कोट्यवधी कमावतात त्या खेळाचा हा पाया फुकट उभा आहे.

पूर्वी काय होतं बघा. १९५५च्या ११ जूनला फ्रान्समध्ये ल मां इथे एक मर्सिडीज उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांच्या गर्दीत घुसले. ऐंशीहून जास्त माणसं गेली. स्वित्झर्लंडने तर त्यानंतर सर्किटवरच्या शर्यतींवर बंदीच घातली आणि ती पुढे कित्येक दशकं टिकली. पण एकूण खेळ बदलला नाही. १९६६मध्ये बेल्जियममध्ये स्पाच्या ट्रॅकवर पावसात जॅकी स्टुअर्टची गाडी घसरून गेली. तो आत अडकलेला, अंगावर पेट्रोल सांडतंय, एक ठिणगी पडली तर संपलं. त्याला सोडवलं कुणी? ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरंट या दोघा ड्रायव्हरांनी. स्टिअरिंग काढायला पाना नव्हता, तो एका प्रेक्षकाकडून मागून आणला! आपल्याकडे यष्टी बंद पडल्यावर कंडक्टर गावात पाना मागत फिरतो ना, तसं. पुढे हाच स्टुअर्ट ड्रायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी आयुष्यभर भांडला आणि त्यासाठी 'भित्रा' म्हणूनही घेतलं त्याला लोकांनी.

पण मला खरं सांगायचं आहे ते दोन घटनांबद्दल. एक १९७३ची आणि एक १९७७ची. या दोन घटना मी नेहमी जोडीने लक्षात ठेवतो.

२९ जुलै १९७३, हॉलंडमधलं झांडव्होर्ट. रॉजर विल्यमसन नावाचा तरुण इंग्लिश ड्रायव्हर, त्याची फॉर्म्युला वनमधली अवघी दुसरी शर्यत. आठव्या फेरीत त्याची गाडी कठड्यावर आदळली, उलटी झाली आणि पेटली. तो आत जिवंत होता. मागून येणाऱ्या डेव्हिड पर्लीने आपली गाडी थांबवली, ट्रॅक ओलांडून तो पळत गेला आणि एकट्याने ती जळती गाडी उलटवायचा प्रयत्न करत राहिला. मार्शल तिथेच उभे होते. पण त्यांच्या अंगावर आगीत टिकणारे कपडे नव्हते. साध्या कपड्यात जवळ जाणार कसे? पर्लीने त्यांच्या हातातलं नळकांडं घेऊन फवारलं, ते संपलं. पुन्हा गाडीला खांदा लावला. बाकीचे ड्रायव्हर शेजारून जात राहिले, कारण त्यांना वाटलं की हा पळापळ करणाराच जळत्या गाडीचा ड्रायव्हर आहे, म्हणजे सुटला बिचारा. शर्यत थांबवलीच नाही. विल्यमसन गेला. पर्लीला पुढे इंग्लंडात जॉर्ज मेडल मिळालं.

हे चित्रण आजही बघायला मिळतं. मी एकदाच बघितलं आहे. ते बघताना मार्शलांचा भयंकर राग येतो. नुसते उभे राहिले, असं वाटतं. मीही अनेक वर्षं तसंच म्हणत होतो.

आता दुसरी घटना. ५ मार्च १९७७, दक्षिण आफ्रिकेतलं क्यालामी. रेन्झो झोर्झीची गाडी पिटच्या समोर, ट्रॅकच्या पलीकडच्या कडेला बंद पडली. थोडी आग लागली. मोठी नव्हतीच. पिटच्या बाजूने दोन मार्शल नळकांडी घेऊन ट्रॅक ओलांडून धावले. त्या ठिकाणी ट्रॅकला चढ आहे, त्यामुळे चढापलीकडून काय येतंय ते धावणाऱ्याला दिसत नाही आणि समोर कोण आहे ते येणाऱ्याला दिसत नाही. पहिला मार्शल थोडक्यात पार झाला. दुसरा, फ्रेडरिक यान्सन व्हान व्ह्यूरन, वय वर्षं १९. हान्स स्टुकने गाडी वळवून त्याला कसंबसं चुकवलं, पण त्याच्या मागेच टॉम प्राइस होता. वेग ताशी दोनशेसत्तरच्या आसपास. पोरगा जागच्या जागी गेला. त्याच्या हातातलं नळकांडं प्राइसच्या हेल्मेटवर आदळलं आणि प्राइसही गेला. प्राइस आणि झोर्झी एकाच टीमचे, एकाच रंगाच्या गाड्या.

त्या पोराची ओळख कशी पटली माहीत आहे? शर्यतीच्या मुख्य अधिकाऱ्याने सगळ्या मार्शलांना एकत्र बोलावलं आणि एक जण कमी भरला.

या दोन घटना शेजारी ठेवून बघा. झांडव्होर्टला मार्शल धावले नाहीत म्हणून माणूस गेला. क्यालामीला मार्शल धावला म्हणून दोन माणसं गेली. म्हणजे प्रश्न हिमतीचा नव्हताच! एका ठिकाणी माणसं होती पण त्यांच्याकडे कपडे, साधनं, हुकूम यातलं काही नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी नळकांडं होतं, हिंमत तर उदंड होती, पण 'थांब' म्हणणारं कुणी नव्हतं. सुरक्षितता म्हणजे शूर माणसं गोळा करणं नव्हे. शूर माणसाला शौर्य दाखवायची वेळ येऊ नये, आणि आलीच तर त्याच्या पाठीशी दुसरा माणूस असावा, याची व्यवस्था म्हणजे सुरक्षितता. हे माझं आपलं मत. पण इतिहास बघितला तर तो हळूहळू त्याच बाजूला सरकलेला दिसतो.

१९७८मध्ये सिड वॉटकिन्स हे मेंदूचे सर्जन फॉर्म्युला वनचे डॉक्टर झाले. त्याच वर्षी मोन्झाला रॉनी पीटरसनच्या अपघातात मदत पोचायला उशीर झाला आणि तो दुसऱ्या दिवशी दगावला. तेव्हापासून वॉटकिन्सनी हट्ट धरला की पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागे डॉक्टरची गाडी धावलीच पाहिजे. आज आपण ते गृहीत धरतो. १९८९मध्ये इटलीत इमोलाला गेरहार्ड बर्गरची गाडी भिंतीवर आदळून पेटली, तेव्हा तिथले आग विझवणारे लोक काही सेकंदांत पोचले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत आग विझवून मोकळे झाले. बर्गरची फक्त पुढची एक शर्यत हुकली. त्या लोकांची तालीम झालेली होती, अंगावर योग्य कपडे होते आणि कुणी कुठे उभं राहायचं ते ठरलेलं होतं. झांडव्होर्ट आणि इमोला यांच्यात सोळा वर्षांचं अंतर आहे, आणि ते अंतर म्हणजे एवढंच.

१९९४च्या मे महिन्यात त्याच इमोलाला सेना गेला. आदल्या दिवशी रोलंड रॅटझनबर्गर गेला होता. त्यानंतर ड्रायव्हरांच्या सुरक्षिततेचं काम फार जोरात झालं. ट्रॅक बदलले, गाड्या बदलल्या, मान धरून ठेवणारं हान्स आलं, २०१८पासून डोक्याभोवतीचं हेलो आलं.

पण कडेला उभा असलेला माणूस? १० सप्टेंबर २०००, मोन्झा. पहिल्याच फेरीत गाड्या एकमेकांवर आदळल्या, एक चाक निखळून उडालं आणि पाओलो जिस्लिंबेर्ती या आग विझवणाऱ्या मार्शलला लागलं. तो गेला. ४ मार्च २००१, मेलबर्न. जाक व्हिलनव्हची गाडी राल्फ शूमाकरच्या गाडीवर चढून उडाली, चाक निखळलं आणि कुंपणाला मार्शलांच्याच जाण्यायेण्यासाठी ठेवलेल्या फटीतून आरपार गेलं. ग्रॅहम बेव्हरिज हा मार्शल गेला. व्हिलनव्ह चालत बाहेर आला. सहा महिन्यांत दोन मार्शल, दोन्ही वेळा ड्रायव्हर सुखरूप! १९९९पासून चाकांना दोर बांधायला लागले होते, ते यानंतर आणखी पक्के केले. २०१३मध्ये माँट्रियलला शर्यत संपल्यावर मोडकी गाडी उचलून नेताना मार्क रॉबिन्सन हा मार्शल त्याच ट्रॅक्टरखाली सापडला. शर्यत संपली होती हो! लोक घरी निघाले होते.

आणि ५ ऑक्टोबर २०१४, जपानमधलं सुझुका. भर पावसात, पिवळे झेंडे हलत असताना ज्यूल बियांकीची गाडी घसरून, दुसरी गाडी उचलायला आलेल्या ट्रॅक्टरवर आदळली. आजूबाजूला मार्शल काम करत होते. बियांकी पुढे नऊ महिने बेशुद्धीत राहून जुलै २०१५मध्ये गेला. त्यानंतर एक चांगली गोष्ट आली. कुठेही अपघात झाला तर सगळ्या गाड्यांना एका इशाऱ्यात सक्तीने वेग कमी करावा लागतो. ड्रायव्हरच्या मर्जीवर ठेवलेलं नाही.

हे सगळं लांबच्या देशांतलं झालं. आपल्याकडे काय?

आपल्याकडे दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. २०११च्या पहिल्याच सरावात ट्रॅकवर एक भटकं कुत्रं शिरलं आणि लाल झेंडा दाखवून सराव थांबवावा लागला. तेव्हा आम्ही सगळे लाजेने अर्धमेले झालो होतो. आज वाटतं, लाज कसली? कुत्रं दिसलं, झेंडा हलला, गाड्या थांबल्या. काम चोख झालं की! दोन दिवसांनी शर्यतीआधी सगळे एक मिनिट स्तब्ध उभे राहिले होते, कारण त्याच महिन्यात डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमॉन्चेली हे दोन रेसर गेले होते.

पण सगळीकडे एवढं चोख नसतं. रॅली हा प्रकार तर फारच अवघड. आपल्या महाराष्ट्रातही नाशिकला, पुण्याकडे रॅली होत आल्या आहेत. त्यात बंद ट्रॅक नसतो, रोजच्या वापराचा गावचा रस्ता काही तासांपुरता बंद करतात. किलोमीटरच्या किलोमीटर रस्ता, त्याला फुटणाऱ्या पायवाटा, शेतात जाणारी माणसं, गुरं. प्रत्येक फाट्यावर एक माणूस उभा करायचा आणि त्याने गावकऱ्याला सांगायचं की बाबा, तुझ्याच रस्त्यावरून तू आत्ता जाऊ नकोस. २१ सप्टेंबर २०१९ला राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली चालू असताना एक कुटुंब मोटरसायकलवरून बंद रस्त्यावर आलं. समोरून गौरव गिलची गाडी येत होती. नवरा, बायको आणि मुलगा, तिघंही गेले. गिलला त्याच्या आधीच्या महिन्यात अर्जुन पुरस्कार मिळाला होता, मोटरस्पोर्टमधला पहिला. तोही जखमी झाला. रॅली रद्द झाली. मग नेहमीचं सुरू झालं. ते अडथळा ओलांडून आले असं एक बाजू म्हणाली, बंदोबस्त पुरेसा नव्हता असं दुसरी.

२०२३ साल तर चेन्नईच्या ट्रॅकसाठी वाईटच होतं. जानेवारीत के. ई. कुमार हे ५९ वर्षांचे अनुभवी ड्रायव्हर अपघातात गेले आणि ऑगस्टमध्ये मोटरसायकलच्या शर्यतीत बेंगळुरूचा श्रेयस हरीश हा तेरा वर्षांचा मुलगा गेला. तेरा! आपल्याकडे आठवीत असतं पोरगं.

आता मामा.

आमच्या भागात गाड्यांची रेस नाही, शंकरपट आहे. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत म्हणतात, आमच्याकडे पट. पिकं निघाली की थंडीत पट भरतात. नेरहून फार लांब नाही त्या तळेगाव दशासरचा पट तर पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेला. दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात, प्रत्येकीची धाव वेगळी. अगदी हलका छकडा, त्यावर एक धुरकरी. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, झाडांवरसुद्धा. काही सेकंदांचा खेळ. धूळ, आरडाओरडा, आणि संपलं. त्या सेकंदांसाठी लोक वर्षभर बैलाला पोराहून जास्त जपतात.

मी पाचवीत होतो, म्हणजे १९८७-८८च्या सुमाराची गोष्ट. एका लहानशा गावातला पट (नाव मुद्दाम देत नाही). मामा तेव्हा तिशीचे. त्यांच्याकडे शेवटच्या टोकाची झेंडी होती. म्हणजे धाव संपते तिथे उभं राहायचं, माणसं मागे सारायची, जोडी आली की झेंडी खाली करायची. दोरी नव्हती, कठडा नव्हता. एका हातात झेंडी, दुसऱ्या हातात तुराटी. तुराटीने पोरांना हाणायचं, हाच बंदोबस्त!

दोन जोड्या सुटल्या. अलीकडची पांढरीशुभ्र जोडी पुढे होती. शेवटाच्या जरा आधी तिचा छकडा उसळला आणि धुरकरी खाली पडला, तोही नेमका दोन धावांच्या मधे. मामा झेंडी टाकून धावले. पलीकडची जोडी दहा-पंधरा हात मागे होती. तिने मामांना घेतलं. चाक गुडघ्याखालून गेलं.

आणि तो पडलेला धुरकरी? उठला, धोतर झटकलं, जोडीमागे पळत गेला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी तिथे होतो. आजोबांच्या खांद्यावर नव्हे, चांगला पुढे उभा होतो. आणि मला मामा पडलेले आठवत नाहीत. मला आठवतं ते एवढंच की धुरकरी नसताना ती पांढरी जोडी सुसाट पुढे निघाली आणि मी टाळ्या वाजवत होतो. मागे काहीतरी झालं हे मला लोक तिकडे धावायला लागल्यावर कळलं. जोडीच्या शिंगांना लावलेला रंग मला आजही आठवतो. मामांचा चेहरा आठवत नाही.

मामांचा पाय आधी हाडवैद्याने बसवला, तो वाकडा जुळला. मग यवतमाळला नेलं तोवर उशीर झाला होता. तेव्हापासून ते लंगडतात. तिफण धरणं सुटलं, शेत बटईने द्यावं लागलं. दवाखान्याचा खर्च आजोबांनी केला. पुढच्या वर्षी पटात मामांना बोलावून शाल-नारळ दिला आणि झेंडी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिली. दोरी त्याही वर्षी नव्हती.

पटाबद्दल पुढे केवढी भांडणं झाली ते तुम्हाला माहीतच आहे. ७ मे २०१४ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने राज्यांचे कायदे कायम ठेवले. चर्चा झाली ती बैलांच्या हालांची, आणि ती व्हायलाच हवी होती. मुका जीव तो, त्याच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवंच. पण आमच्या ओसरीवर ही चर्चा चालायची तेव्हा कोपऱ्यात लंगडा पाय लांब करून मामा बसलेले असायचे आणि त्यांना कुणी काही विचारत नसे. मीही नाही.

या दिवाळीत विचारलं. पहिल्यांदाच. पस्तीसहून जास्त वर्षं गेल्यावर. म्हटलं, "मामा, तेव्हा तुम्हाला दुसरी जोडी दिसली नव्हती का?"

"नाही गा. पडलेला मानूस दिसला की तोच दिसते. बाकी काहीच दिसत नाही."

मग मी त्यांना क्यालामीचं सांगितलं. व्हिडिओ दाखवला नाही, नुसतं सांगितलं. आग लहान होती, पोरगा १९ वर्षांचा होता, चढामुळे त्याला गाडी दिसली नाही. मामांनी नाव विचारलं. यान्सन व्हान व्ह्यूरन. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, जमलं नाही. "पोरगंच होतं ना गा," म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना नंतर दिलं. म्हटलं, मामा, असतो मागे ओढायला माणूस. आता चांगल्या ट्रॅकवर झेंडीवाला एकटा उभा राहत नाही. एक जण अपघाताकडे बघतो, दुसरा येणाऱ्या गाड्यांकडे. गाड्यांकडे पाठ करायची नाही हा पहिला धडा. आणि वरून हुकूम आल्याशिवाय ट्रॅकवर पाय ठेवायचा नाही. म्हणजे पडलेला माणूस दिसला तरी थांबायला शिकवतात. बहारीनचा तो माणूसही हे शिकलेला असणार. तरी तो धावलाच! त्याच दिवशी, त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत रोमँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली होती, पेटली होती आणि तो अठ्ठावीस सेकंदांनी आगीतून बाहेर आला होता. डॉक्टरची गाडी मागेच होती, वॉटकिन्सच्या हट्टामुळे. एक मार्शल नळकांडं घेऊन कठड्यापाशी पोचला होता. सगळ्या जगाने ते बघितलं. मग जवळपास तीन तासांनी दुसरी गाडी पेटलेली बघून कुणाचा पाय थांबेल?

हे ऐकून मामा हसले. म्हणाले, "नाही थांबत. म्हनून तं कोनी वढाले पाह्यजे."

झालं. मी एवढी पानं वाचून जे शिकलो ते मामांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

जानेवारीत पुन्हा गावी जायचा विचार आहे. मामा म्हणतात पट बघायला चल, खुर्ची टाकून बसू. जाऊ. या वेळी मी जोडीकडे कमी आणि शेवटच्या टोकाकडे जास्त बघणार आहे. तिथे दोरी बांधली आहे का, आणि झेंडीवाला एकटा आहे की दुकटा, एवढंच बघायचं आहे. एकटा असला तर मी जाऊन उभा राहीन शेजारी. या वयात मागे ओढण्याइतकी ताकद आहे अजून. :)

असो. फार लांबलं. ताई, तू हे वाचशीलच. मामांना डोळ्यांचा त्रास आहे, त्यांना मोठ्याने वाचून दाखव. टाळ्यांचा तो भागही गाळू नकोस.